हवानाच्या भाजीबागा आणि अन्नाचा हिशेब

अन्नसुरक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गव्हा-तांदळाची कोठारे येतात. शहरातील पडीक जागेवर भाजीचे वाफे करून एखादा देश उपासमारीतून सावरला, असे कोणी सांगितले तर शेतकरी माणूस प्रथम हसेल आणि ते स्वाभाविक आहे. परंतु क्यूबा या देशात १९९० नंतर असा प्रयत्न फार मोठ्या प्रमाणावर झाला. त्याविषयी कौतुकाने पुष्कळ लिहिले गेले आहे. वाफ्यात किती पिकले, ते पिकवायला बाहेरून काय आणावे लागले आणि त्यातून माणसाच्या ताटात नेमके किती पडले, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संकट कशामुळे आले?

क्यूबा हे कॅरिबियन समुद्रातील बेट असून लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक शहरांत राहतात. राजधानी हवाना कर्कवृत्ताला लागून आहे. वर्षाला साधारण १,२०० मि.मी. पाऊस पडतो, तोही मुख्यतः मे ते ऑक्टोबर या काळात. हिवाळा कोरडा व सौम्य असतो आणि भाजीपाल्याचा खरा हंगाम तोच. त्यामुळे तेथील शेती आपल्याला फारशी परकी वाटत नाही.

तेथील मुख्य पीक ऊस. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाची साखर सोव्हिएत रशिया जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने घेऊ लागला आणि त्या बदल्यात खनिज तेल, रासायनिक खते, ट्रॅक्टर, गहू व पशुखाद्य मिळू लागले. १९८० ते १९९० या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे ८० लाख टन साखर तयार होत होती. शेतजमिनीचा चार पंचमांश भाग मोठमोठ्या सरकारी शेतांकडे होता आणि ती शेते पूर्णपणे यंत्रे व रसायने यांवर चालत. कागदावर ही शेती अत्यंत प्रगत होती. पण लोकांच्या आहारातील निम्म्याहून अधिक उष्मांक परदेशातून येणाऱ्या अन्नातून मिळत होते आणि परदेशी व्यापारापैकी जवळजवळ चार पंचमांश व्यापार रशिया व त्याच्या मित्रराष्ट्रांशी होता. एक पीक आणि एक गिऱ्हाईक, अशी ती अवस्था होती. ऊसपट्ट्यातील वाचकांना यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

१९८९ ते १९९१ या काळात हे गिऱ्हाईकच कोसळले. १९९३ पर्यंत क्यूबाची एकूण आयात पूर्वीच्या चौथ्या हिश्श्यावर आली. खते व कीटकनाशके यांची आयात सुमारे चार पंचमांशाने घटली, इंधन निम्म्याहून कमी झाले. १९९० मध्येच सरकारने या अवस्थेला ‘शांततेच्या काळातील विशेष काळ’ असे नाव दिले होते. दरडोई दररोजचा आहार सुमारे २,९०० उष्मांकांवरून १,९०० च्या आसपास आला. प्रौढ माणसांचे वजन सरासरी पाच किलोने उतरले. १९९२-९३ मध्ये डोळ्यांच्या व हातापायांच्या नसा दुबळ्या करणाऱ्या विकाराची साथ पसरली आणि ५० हजारांवर लोकांना तिची बाधा झाली. आहारातील ‘ब’ जीवनसत्त्वांची कमतरता हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. क्यूबात १९६२ पासून प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका आहे. ती या काळातही होती, पण दुकानात देण्यासारखा माल नव्हता.

यात आणखी एक अडचण होती. खेड्यात जे काही पिकत होते ते शहरात आणण्यासाठी डिझेल नव्हते. भाजीपाला नाशवंत. ट्रक दोन दिवस उशिरा आला की माल उकिरड्यावर जातो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून खाणारा जिथे आहे तिथेच पिकविणे, हा शहाणपणाचा विचार होता म्हणण्यापेक्षा त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

पडीक जागा आणि कसणाऱ्याचा हक्क

सुरुवात लोकांनीच केली. पडलेल्या घरांच्या जागा, कचरा टाकण्याची ठिकाणे, वसाहतींमधील मोकळी मैदाने यांवर शेजारपाजारच्या लोकांनी मिळून भाजी लावली. लवकरच सरकारने त्यास मान्यता दिली. जमिनीची मालकी सरकारची, मात्र ती कसण्याचा व पीक घेण्याचा हक्क लावणाऱ्याचा, आणि त्यासाठी खंड नाही, अशी ही पद्धत होती. जागा लागवडीखाली ठेवली पाहिजे, ही मुख्य अट. १९९३ मध्ये मोठ्या सरकारी शेतांचेही तुकडे करून ती तेथील कामगारांच्या सहकारी गटांना कसण्यासाठी देण्यात आली आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये शेतमालाचे खुले बाजार सुरू झाले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ठरलेला वाटा दिल्यावर उरलेला माल आपल्या भावाने विकता येऊ लागला, तेव्हाच पिकविणाऱ्याच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले. केवळ देशप्रेमावर कोणी वर्षानुवर्षे पालकाला पाणी घालीत नाही.

या बागांचे साधारण तीन प्रकार आढळतात. घरामागील अंगणे व लहान तुकडे हा पहिला प्रकार. त्यातील माल बहुतेक घरीच खाल्ला जातो. जेथे जमीन चांगली आहे तेथे थेट जमिनीतच गादीवाफे करून घेतलेली सघन बाग, हा दुसरा. आणि जेथे माती नाही किंवा असलेली माती खराब, खडकाळ, विटा-सिमेंटने भरलेली आहे तेथे भिंती घालून बाहेरची माती व सेंद्रिय खत भरलेले उंच वाफे, हा तिसरा. या तिसऱ्या प्रकाराला तिकडे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. शहरी शेतीच्या चर्चेत हेच नाव सर्वांत गाजले.

वाफ्याची रचना

ऑर्गानोपोनिकोचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. क्यूबात पूर्वी मातीविना शेतीची, म्हणजे खडीच्या वाफ्यातून रासायनिक द्रावण खेळविण्याची, केंद्रे उभारलेली होती. परदेशातून येणारी रसायने बंद झाली तेव्हा ही केंद्रे ओस पडली. रिकाम्या वाफ्यांचे काय करायचे? तेच वाफे माती व कंपोस्टने भरण्यात आले. अशी लागवड १९८७ मध्ये लष्कराच्या एका केंद्रात करून पाहिलेली होती; तो अनुभव आता उपयोगी पडला.

सर्वसाधारण वाफा १.२० मीटर रुंद, ३० सें.मी. खोल आणि जास्तीत जास्त ३० मीटर लांब असतो. दोन वाफ्यांत अर्धा मीटर वाट सोडतात. रुंदी १.२० मीटर ठेवण्याचे कारण साधे आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात कधीही पाय द्यावा लागत नाही. त्यामुळे माती भुसभुशीत राहते. कडेच्या भिंतीसाठी दगड, मोडकी कौले, सिमेंटचे पत्रे, लाकडाच्या फळ्या असे हाताला लागेल ते वापरतात. भरावात निम्मे किंवा त्याहून जास्त सेंद्रिय खत व बाकी माती असते. खतासाठी शेणखत, गांडूळ खत, शहरातील कुजलेला पालापाचोळा आणि साखर कारखान्यातील मळी यांचा वापर होतो. गांडूळ खताचे काम तेथे १९८६ मध्ये सुरू झाले होते. त्यासाठी वापरलेल्या आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी या जाती आपल्याकडेही वापरात आहेत.

आता हिशेब करू. ३० मीटर लांबीचा एक वाफा म्हणजे ३६ चौ.मी. क्षेत्र. त्याचा भराव होतो १०.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेचार ब्रास. त्यात निम्मे खत धरले तरी पावणेदोन ते दोन ब्रास चांगले कुजलेले खत एका वाफ्याला लागते. शिवाय प्रत्येक पीक निघाल्यावर पुन्हा खत घालावे लागते. वर्षाला दर चौ.मी. १० किलो धरल्यास ते हेक्टरी १०० टन होते. एवढे खत शहरात तयार होत नाही. ते गोठ्यांतून, कारखान्यांतून, म्हणजे शेवटी बाहेरच्या शेतीतूनच येते. शहरातील बाग स्वयंपूर्ण असते, असे जे लिहिले जाते ते या ठिकाणी तपासून घ्यावे लागते.

पिके, उत्पादन व फेरपालट

हिवाळ्यात लेट्यूस, मुळा, पानकोबी, बीट, गाजर, टोमॅटो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात भेंडी, लांब शेंगांची चवळी, काकडी आणि कोथिंबीर, कांदापात अशी पिके घेतात. एक पीक काढले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नवी रोपे लावायची, वाफा रिकामा ठेवायचा नाही, हा नियम असतो. त्यासाठी रोपवाटिका सतत चालू ठेवावी लागते. जून ते ऑगस्टमध्ये ऊन व पाऊस यांपासून बचाव करण्यासाठी काही ठिकाणी सावलीची जाळी वापरतात.

१९९४ मध्ये अशा वाफ्यांतून दर चौ.मी. वर्षाला जेमतेम दीड किलो भाजी निघत होती. पुढील सात-आठ वर्षांत सरकारी आकडा २० किलोच्या पुढे गेला आणि २० किलो हेच उद्दिष्ट सर्वत्र सांगितले जाते. हे उद्दिष्ट म्हणजे वाफ्याच्या क्षेत्रावर हेक्टरी २०० टन. आकडा ऐकून दचकायला होते. परंतु वर्षात सात-आठ पिके आणि प्रत्येक वेळी अडीच-तीन किलो, असे धरले तर ते अशक्य नाही. मात्र यात वाटा धरलेल्या नाहीत. वाटांसह मोजले तर एकूण जागेच्या सत्तर टक्केच क्षेत्र वाफ्याखाली असते आणि उत्पादन गुंठ्याला सुमारे १४ क्विंटल बसते. तेही उत्तम मजूर, भरपूर खत आणि खात्रीचे पाणी असल्यास. पाणी हीच अनेक बागांची दुखरी बाजू राहिली आहे, कारण शहरातील पाणी पिण्यासाठी की भाजीसाठी, हा वाद तेथेही सुटलेला नाही. चोरीचा त्रासही पुष्कळ. रात्रीची राखण हा तेथे मजुरीचा एक कायमचा खर्च आहे.

पीक संरक्षण

दाट वस्तीत विषारी औषधे फवारणे धोक्याचे, आणि मुळात औषधेच मिळत नव्हती. क्यूबाला या बाबतीत एक जुना आधार होता. उसावरील खोडकिड्यासाठी लिक्सोफागा नावाची परोपजीवी माशी तेथे क्रांतीच्या आधीपासून वापरात होती. या अनुभवावर पुढे मित्रकीटक व उपयुक्त बुरशी-जीवाणू यांची पैदास करणारी दोनशेहून अधिक लहान केंद्रे देशभर उभी राहिली. ट्रायकोग्रामा, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, बिव्हेरिया बॅसियाना, मेटारायझियम, मुळांच्या रोगांसाठी ट्रायकोडर्मा असे पदार्थ ही केंद्रे तयार करून जवळच्या शेतांना पुरवितात. आपल्या वाचकांना ही नावे परिचित आहेत. फरक इतकाच की तेथे केंद्र पंचक्रोशीत असते आणि जिवंत माल ताजा मिळतो. बिव्हेरियाचे पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली वर्षभर तापलेले असेल तर ते फवारूनही उपयोग होत नाही, ही तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते.

रताळ्यावरील सोंडकिड्यासाठी त्यांनी काढलेली युक्ती मला सर्वांत आवडते. फेइडोले नावाच्या मुंग्या या किडीचा फडशा पाडतात. केळीच्या खोडाचे तुकडे मध लावून मुंग्यांच्या वारुळांजवळ ठेवतात. मुंग्या त्यांत येऊन बसल्या की ते तुकडे उचलून रताळ्याच्या शेतात उन्हात ठेवायचे. ऊन लागले की मुंग्या ओलावा शोधत जमिनीत शिरतात आणि तेथेच वस्ती करतात. खर्च जवळजवळ शून्य.

बागांच्या कडेला मका किंवा ज्वारीच्या ओळी, वाफ्यांच्या टोकांना झेंडू, आणि फवारणीसाठी निंबोळीचे पदार्थ हेही सर्रास दिसते. कडुनिंब हे मूळचे आपल्या भागातील झाड. क्यूबाने त्याची मुद्दाम लागवड करून घेतली.

सल्ला, वाटप आणि वाटणी

१९९७ मध्ये शहरी शेतीसाठी एक राष्ट्रीय गट स्थापन झाला. त्यात संशोधक, विस्तार कार्यकर्ते व प्रत्यक्ष पिकविणारे असे सगळे होते आणि तो दर तिमाहीस गावोगाव जाऊन बागा पाहून गुण देत असे. शहरांच्या भागाभागांत सल्ला-दुकाने निघाली. तेथे बियाणे, रोपे, कंपोस्ट, जैविक औषधे आणि सल्ला एकाच ठिकाणी मिळू लागला. विस्तार शिक्षण शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला या व्यवस्थेतील हीच बाब सर्वांत अनुकरणीय वाटते. वाफ्याची रुंदी पुस्तकातून कळते. पण पानांवर ठिपके आल्यावर चालत जाऊन ज्याला पान दाखविता येते असा माणूस पुस्तकातून मिळत नाही.

परस्पर सहकार्याची अर्थव्यवस्था म्हणतात ती येथे कशी चालते, हे हवानाच्या पूर्वेकडील आलामार या वसाहतीतील बागेवरून समजेल. १९९७ मध्ये मूठभर माणसांनी थोड्या जागेवर ही सहकारी बाग सुरू केली. पुढे तिचे क्षेत्र सुमारे ११ हेक्टरपर्यंत गेले आणि सभासद दीडशेच्या वर झाले. त्यांत निवृत्त माणसे व स्त्रिया यांचे प्रमाण लक्षणीय आहे. सभासद मजूर नसून भागीदार आहेत. विक्रीतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम आपापसांत वाटली जाते. बहुतेक माल बागेच्या दारावरच आसपासच्या लोकांना विकला जातो. त्यामुळे वाहतूक नाही, अडत नाही, नासाडीही फार थोडी. अशा बागांकडून शाळा, पाळणाघरे, रुग्णालये व वृद्धाश्रम यांना कमी दरात भाजी देण्याची प्रथा आहे. त्यानंतर उरलेला माल दारावर येतो.

असा प्रयत्न साम्यवादी देशातच होऊ शकतो, असे समजण्याचे कारण नाही. अर्जेंटिनातील रोझारिओ या शहरात २००१ च्या आर्थिक कोसळणीनंतर २००२ मध्ये नगरपालिकेने बेरोजगारांना पडीक जागा, अवजारे, बियाणे व विक्रीसाठी बाजारातील जागा देऊन असाच कार्यक्रम सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. २०२१ मध्ये त्याला शहरविकासाचा एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेथे जमीन खाजगी मालकीची असल्यामुळे जागेचा हक्क टिकविणे हेच अवघड काम होते. म्हणून रेल्वेच्या कडेच्या व पुराच्या भीतीने बांधकाम न होणाऱ्या जागा निवडण्यावर भर दिला गेला.

मग अन्नसुरक्षा मिळाली का?

क्यूबाने प्रत्येकाला दररोज ३०० ग्रॅम भाजी हे उद्दिष्ट ठेवले होते. वर्षाला हे सुमारे ११० किलो होते. दर चौ.मी. २० किलो उत्पादन धरल्यास एका माणसाला साडेपाच चौ.मी. वाफा पुरतो आणि पाच माणसांच्या कुटुंबाला वाटांसह सुमारे ४० चौ.मी., म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागा लागते. इतक्या थोड्या जागेत कुटुंबाची जीवनसत्त्वे व क्षार यांची गरज बऱ्याच अंशी भागते, ही मोठीच गोष्ट आहे. १९९२-९३ च्या साथीची आठवण ठेवली तर ती किती मोठी, हे लक्षात येईल.

पण याच ३०० ग्रॅम भाजीतून उष्मांक मिळतात साठ-सत्तर. माणसाला दिवसाला लागतात दोन हजारांहून अधिक. म्हणजे पोट भरण्याच्या दृष्टीने शंभरात तीन भाग! बाकीचे सत्त्याण्णव भाग भात, पाव, कडधान्य, रताळी, तेल, साखर, मांस यांतूनच यायचे असतात आणि ते शहरातील वाफ्यात पिकत नाहीत. गहू तर क्यूबाच्या हवामानात जवळजवळ येतच नाही. खेड्यातील शेतीत बैलांची संख्या दुपटीच्या आसपास गेली, लहान शेतकऱ्यांनी तांदूळ, केळी, कंदपिके वाढविली, त्यामुळे त्या दशकाच्या अखेरीस आहार पुष्कळ सावरला. त्याचे श्रेय एकट्या शहरी बागांना देणे हे त्या शेतकऱ्यांवर अन्यायाचे होईल.

पुढची कथा तितकी उजळ नाही. २००२ मध्ये क्यूबाने आपले जवळजवळ निम्मे साखर कारखाने बंद केले. साखरेचे उत्पादन घसरत घसरत २०२२-२३ मध्ये चार लाख टनांच्याही खाली आले. कारखान्याबरोबर मळीही गेली. २००८ मध्ये पडीक सरकारी जमीन इच्छुकांना कसण्यासाठी देण्याचा कायदा झाला, पण अवजारे, इंधन व रास्त भाव यांची जोड पुरेशी मिळाली नाही आणि धान्य, कोंबडीचे मांस व दूधभुकटी यांची आयात चालूच राहिली. २०२० नंतर परकीय चलन आटले, वीज वारंवार जाऊ लागली आणि तरुण माणसे मोठ्या संख्येने देश सोडून गेली. सात वर्षांखालील मुलांसाठी दूधभुकटी मिळावी म्हणून क्यूबाने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागितल्याचे २०२४ च्या प्रारंभी जाहीर झाले. ज्या देशाच्या भाजीबागा पाहायला जगभरचे अभ्यासक जात होते, त्याच देशावर ही वेळ आली. भाजीबागा निरुपयोगी ठरल्या, असा याचा अर्थ काढू नये. ज्या कामासाठी त्या होत्या ते काम त्यांनी केले. धान्य, दूध व इंधन यांचे काम त्यांच्यावर टाकणे चुकीचे होते.

वाफा करून पाहावयाचा असल्यास

घराजवळ पाण्याची सोय असलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनी एक लहान वाफा करून पाहण्यास हरकत नाही. १.२० मीटर रुंद व १० मीटर लांब असे दोन वाफे पाच माणसांच्या घराची भाजीची गरज बऱ्याच अंशी भागवू शकतील. प्रत्येक वाफ्याला सव्वा ब्रासच्या आसपास भराव लागेल. तळाला भारी काळी जमीन असल्यास प्रथम खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा पातळ थर द्यावा आणि वाफ्याच्या उताराकडील भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी फटी ठेवाव्यात, नाहीतर पावसाळ्यात मुळे सडतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि उंच वाफ्यात त्या फार नुकसान करतात. सुरुवात दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर अशा लवकर येणाऱ्या पिकांनी करावी आणि उन्हाळ्यासाठी चवळी व भेंडी ठेवावी. वाऱ्याच्या बाजूस मक्याच्या दोन ओळी लावाव्यात. प्रत्येक वेळी उतरलेली भाजी तोलून तारखेसह वहीत नोंद ठेवावी. आपल्या मातीत, आपल्या खतावर वर्षाला वीस किलो पडतात की आठ, हे त्या वहीवरूनच समजेल.